परक्याच्या खिशातील चाकू

शास्त्रपाठ : लूक २२:३५-५१, योहान १८:१०-२७



गेल्या हिवाळ्यात एके सकाळी दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावरून मी पलवलकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसलो होतो. बल्लभगढला एका मराठी कुटुंबाच्या घरी प्रार्थनेसाठी जावयाचे होते. ओखला मागे पडल्यावर मी पिशवीतून एक सफरचंद काढले व माझ्या जुन्या घडीच्या चाकूने ते सोलू लागलो. हा चाकू तीसएक वर्षे माझ्यापाशी आहे. फळे कापणे, पेन्सिलीला टोक करणे, टपालाची पाकिटे उघडणे, एवढीच त्याची चाकरी. समोरच्या बाईंनी सालींसाठी वर्तमानपत्राचा तुकडा माझ्यापुढे धरला. त्यांच्या लहान मुलाला चाकूचे कुतूहल वाटले, तेव्हा पाते कसे मिटते ते मी त्याला दाखविले. आसपासची मंडळी कौतुकाने हसली.

तुघलकाबादला एक तरुण चढला. कपड्यांवर रंगकामाचे डाग, पायांत झिजलेल्या चपला, खांद्यावर सुतळीने बांधलेले बोचके. तो माझ्या शेजारी बसला. त्याने खिशातून चाकू काढला, उघडला, सुतळी कापली आणि बोचक्यातून रोट्यांची पुरचुंडी बाहेर घेतली. त्याचा चाकू माझ्या चाकूहून आखूड होता. परंतु समोरच्या बाईंनी मुलाला ओढून पोटाशी धरले. एक गृहस्थ उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. पलीकडे कोणीतरी हलक्या आवाजात पोलिसांचे नाव काढले. त्या तरुणाने मान वर केली, सभोवार पाहिले, आणि त्याच्या ध्यानात आले. चाकू मिटून त्याने खिशात घातला. रोटी मात्र बराच वेळ त्याच्या हातात तशीच राहिली.

माझ्या हातात सफरचंदाची शेवटची फोड होती.

त्या बाईंना दोष देण्याची घाई आपण करू नये. आईचे मन आधी लेकराला जवळ घेते, विचार मागाहून करते. शिवाय दिल्ली हे जखमा सोसलेले शहर आहे. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पहाडगंज व सरोजिनी नगर येथील गजबजलेल्या बाजारांत स्फोट झाले. सप्टेंबर २००८ मध्ये पुन्हा तेच घडले. २००२ च्या नाताळच्या दिवशी लोकांसाठी खुल्या झालेल्या तेथील मेट्रोत आज प्रत्येक प्रवाशाची पिशवी यंत्रातून जाते आणि जवान त्याचे अंग चाचपतो. अशा शहरात परक्याच्या हाती पाते चमकले तर काळजात धस्स होणे स्वाभाविक आहे. त्यात आपल्या चित्रपटांनी भर घातली. रामपुरी चाकू म्हटला की खलनायकाची आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. त्याच रामपूर शहरात २०२३ साली सुमारे २० फूट लांबीच्या चाकूचे शिल्प चौकात उभारण्यात आले आणि लोक कौतुकाने त्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. वीस फुटांचा चाकू गंमतीचा आणि तीन इंचांचा भीतीचा! मनुष्यस्वभाव असा विलक्षण आहे.

कायद्यालाही काही मोजमाप ठेवावेच लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात घरगुती व शेतीच्या उपयोगाच्या हत्यारांना वेगळे मानले आहे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटनाने अथवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे, ७.६२ सेंटिमीटर वा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा त्याहून रुंद पात्याचे चाकू निर्बंधाखाली आणले. राज्यकर्त्यांनी पाते मोजावे हे योग्यच आहे. पण डब्यात बसलेल्या कोणीही त्या दिवशी पाते मोजले नाही. मोजल्या गेल्या त्या चपला. माझे पांढरे केस आणि धुतलेला सदरा पाहून माझ्या चाकूला फळे कापण्याचा परवाना मिळाला. त्याच्या अंगावरील डाग पाहून त्याचा चाकू शस्त्र ठरला. इशायाच्या घरी राजा निवडावयास गेलेल्या शमुवेलासारखा मोठा संदेष्टाही थोरल्या मुलाचे रूप व उंची पाहून फसला होता आणि परमेश्वराला त्याला थांबवावे लागले होते (१ शमुवेल १६:७). मग आपण कोण?

याच दिल्लीत कृपाण धारण केलेले शीख बांधव रोज बसमध्ये आपल्या शेजारी बसतात आणि कोणी जागा सोडून उठत नाही. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानलेले आहे. परंतु संविधान वाचून कोणाची भीती जात नाही. ती गेली आहे सहवासाने. नांदेडकरांना हे सांगावयास नको. मात्र हा सहवासाचा धागा किती नाजूक असतो, हे १९८४ च्या नोव्हेंबरात दिसले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काही दिवसांत दिल्लीत सरकारी आकड्याप्रमाणे २,७३३ शीख मारले गेले. गाड्यांतून प्रवाशांना ओढून काढण्यात आले. जीव वाचविण्यासाठी कित्येकांनी केस कापले, पगड्या उतरविल्या. कालपर्यंतचा शेजारी एका रात्रीत परका झाला. हे लिहिताना लेखणी जड होते, कारण त्या जमावातही कोणाच्या ना कोणाच्या ओळखीची माणसे होतीच.

आता शास्त्रपाठाकडे वळू. शेवटल्या भोजनाच्या वेळी शिष्यांनी आपल्याजवळ दोन तरवारी असल्याचे प्रभूला सांगितले. मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘माखायरा’ असा शब्द आहे. आखूड तरवार किंवा मोठा सुरा, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अब्राहामाच्या हातातील सुऱ्यालाही हाच शब्द वापरला आहे. म्हणजे पेत्राच्या कमरेला जे होते ते सेनापतीचे खड्ग असेलच असे नाही. मासे चिरणाऱ्या कोळ्याजवळ सहज असावा असा सुराही असू शकेल. वल्हांडणाच्या मेजावर तो त्याच्यापाशी होता आणि कोणाला त्याचे वावगे वाटले नाही. गेथशेमाने बागेत मात्र तोच महायाजकाच्या दासाच्या कानावर चालला.

पुढचा प्रसंग आपण पुष्कळदा ऐकला आहे, पण त्यातील एक दुवा आपल्या नजरेतून निसटतो. महायाजकाच्या अंगणात पेत्राला तिसऱ्यांदा हटकणारा मनुष्य कोण होता? योहान सांगतो की, ज्याचा कान पेत्राने कापला त्याचा तो नातलग होता, आणि त्याने पेत्राला बागेत पाहिले होते. पेत्राच्या नाकारण्यामागे केवळ गुरूच्या नावाची भीती होती काय? मला वाटते, त्या अंगणात त्याला आपल्या पात्याचीही भीती वाटत होती. ज्या हत्याराने त्याला धीर येणार होता, त्याच हत्यारामुळे त्याला आपली ओळख लपवावी लागली. बागेत सशस्त्र टोळीवर धावून जाणारा हा मर्द दारावरच्या एका दासीच्या प्रश्नाने आधीच डळमळला होता.

आणि येथे मला माझी गोष्ट पुरी केली पाहिजे. डब्यातील माणसे त्या तरुणाकडे पाहू लागली तेव्हा दोन शब्द बोलणे मला सहज शक्य होते. चाकू माझ्याजवळही आहे, याहून मोठा आहे, हे सर्वांनी आताच पाहिले होते. ते नुसते आठवून दिले असते तरी पुरे होते. मी काय केले? सालींचा कागद हळूच गुंडाळला, माझा चाकू पिशवीच्या तळाशी सरकविला आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. त्या वेळी कोंबडा आरवला नाही. गाडीचा भोंगा वाजला.

माझ्यासारखे खिशात चाकू बाळगणारे वाचक विचारतील, की मग आम्ही काय करावे? हक्क आहे म्हणून हट्ट धरणे पौलाला मान्य नव्हते. मूर्तीला दाखविलेल्या मांसाविषयी करिंथच्या मंडळीला लिहिताना, आपल्या खाण्याने दुर्बळ बंधू अडखळत असेल तर आपण ते मांस कधीच खाणार नाही, इतक्या टोकापर्यंत तो गेला (१ करिंथ ८). मी आता गर्दीच्या गाडीत चाकू काढीत नाही. घरून फळे चिरूनच नेतो. क्वचित काढावा लागलाच तर आधी शेजाऱ्याला विचारतो. यात माझे काहीच उणे होत नाही. परंतु ही सवलत मला परवडते, कारण माझ्यासाठी चाकू ही सोय आहे. ज्याच्या पोटाचे साधन त्याच्या खिशात असते, त्या वायरमनला, चांभाराला, रंगाऱ्याला ते घरी ठेवून ये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्याच्या बाबतीत माघार घ्यावयाची असेल तर ती पाहणाऱ्याने, आपल्या भयाने, घेतली पाहिजे.

बागेतील त्या दासाची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. प्रभूने त्याच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला, हे एकट्या लूकने नोंदविले. वधस्तंभापूर्वी प्रभूने केलेला हा शेवटचा आरोग्यदानाचा चमत्कार, आणि ती जखम त्याच्याच शिष्याच्या हत्याराने झालेली. योहानाने आणखी एक गोष्ट केली. शत्रूच्या टोळीतून आलेल्या त्या परक्या दासाचे नाव त्याने विचारले असावे, आठवणीत ठेविले असावे. त्याने ते लिहिले. मल्ख. दोन हजार वर्षे ख्रिस्ती मंडळी ते नाव वाचीत आली आहे.

तो तरुण फरिदाबादला उतरला. उतरण्यापूर्वी सुतळीचे तुकडे त्याने वेचून खिशात घातले आणि मला ‘राम राम, बाबूजी’ म्हणाला. त्याचे नाव मी विचारले नाही.