आबाजींची वही

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की अमरावतीचं गाडगेनगर पहाटे चारलाच जागं होतं. दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, चांदूरबाजारकडची पोरं एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात. पहाटे मैदान, दुपारी अभ्यासिका, रात्री खानावळीचा डबा. मैदानी चाचणीचे गुण 50. त्यातले 20 गुण 1600 मीटर धावण्याचे, 15 शंभर मीटरचे, 15 गोळाफेकीचे. धावताना काही सेकंद जास्त लागले की गुण जातो, आणि एका गुणासाठी माणूस यादीत किती खाली फेकला जातो हे कोरडवाहू कपाशीवर घर चालवणाऱ्याच्या पोराला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

बापू त्यांतलाच एक. त्याचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यातलं. तिथे बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. या पट्ट्यात किडनीच्या दुखण्याची नावं म्हाताऱ्या बायकांनाही पाठ असतात. बापूचे थोरले काका त्याच दुखण्याने गेले. शेवटच्या वर्षी त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागायचं, आणि काकीच्या सोबतीला दर वेळी बापूची माय जायची. ही गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे.

बापूचे 1600 मीटर 5 मिनिटं 40 सेकंदांत होत होते, आणि महिनाभर घाम गाळूनही वेळ तिथेच अडली होती. खोलीतला मित्र म्हणाला, "पायात ताकदच नाई बे तुह्या. जिम लाव." बापूने कापसाच्या पैशातले दोन महिन्यांचे पैसे भरून जिम लावली. पहिल्याच आठवड्यात मांडीवर, पोटरीवर जेवढं चढवता येईल तेवढं चढवलं. खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट, मग लेग प्रेस, मग हातात डंबेल धरून लंजेस. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून आडवं चालावं लागलं आणि संडासात बसणं मुश्किल झालं. मित्राने पाठ थोपटली. "दुखते म्हंजे पाय बनून रायले. लॅक्टिक ॲसिड हाये ते. त्याच्यावरच अजून मार, मोकळं होईन."

बापूने मारलं. रोज मारलं.

मग रात्रीचं सुरू झालं. दोन-अडीचच्या सुमारास डाव्या पोटरीत काहीतरी आवळायचं आणि तो ताडकन उठून बसायचा. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर पोटरीच्या मधोमध मुठीएवढा गोळा वर आलेला, चामडीखाली दगड ठेवावा तसा टणक, आणि पायाची बोटं आपोआप खाली वळलेली. बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून तो टॉवेल दातात धरायचा. गोळा सुटला तरी पोटरी सकाळपर्यंत ठणकायची. पहाटे त्याच पायावर मैदान.

मेडिकलमधून त्याने दुखण्याच्या गोळ्या आणल्या, चिठ्ठीशिवाय. एकीने भागेना तेव्हा दोन घेऊ लागला. मे महिना होता. पारा 45 च्या पुढे. अभ्यासिकेत सारखं उठलं की लिंक तुटते म्हणून बापू पाणी बेताचंच प्यायचा. लघवीचा रंग बदलला तेव्हा उन्हाळी लागली असेल असं म्हणून त्याने ते मनातच ठेवलं. मला या पोरांचं सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटत असेल तर या गप्प बसण्याचं. दुखणं सांगितलं तर घरचे परत बोलावतील, ही भीती त्यांना दुखण्याहून मोठी वाटते.

मामेबहिणीच्या लग्नासाठी बापू अकोल्याला आजोळी गेला. जुन्या शहरातलं घर, माणसांनी भरलेलं, झोपायला गच्ची. रात्री गोळा आला तेव्हा दातात धरायला टॉवेल सापडला नाही आणि तोंडातून आवाज निघाला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा, आबाजी, उठले. वय ऐंशीच्या पुढे, पण त्यांनी काही न विचारता एका हाताने बापूची टाच धरली, गुडघा सरळ केला आणि दुसऱ्या हाताने पायाचा चवडा हळूहळू त्याच्याच नडगीकडे दाबत नेला.

"झटका नको मारू. श्वास सोड. पोटरी लांब होऊ दे."

अर्ध्या मिनिटात गोळा विरघळला. आबाजींनी त्याला उभं केलं, तो पाय पूर्ण टेकवून चार पावलं चालवलं, खाली नेऊन तांब्याभर पाणी पाजलं.

"कवापासून येते हे?"

"रोजच येते, आबाजी. सवय झाली आता."

"दुखन्याची कोनी सवय लावून घेते का रे?"

बापूने जिमचं सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं नाही. ते सकाळी मायने शोधलं. धुवायला कपडे काढताना पँटच्या खिशातून पाकीट पडलं, दहापैकी आठ घरं फुटलेली. मायला वाचता येत होतं, पण तिला नाव वाचायची गरज पडली नाही. वर्षभर डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या बाईला अशी पाकिटं ओळखता येतात. तिने आरडाओरडा केला नाही. लग्नघरातल्या वीस माणसांदेखत एकच प्रश्न विचारला.

"लघवी कशी होऊन रायली तुले?"

बापू खाली पाहत म्हणाला, "चहासारखी. दोन-तीन डाव झाली."

हळद बाजूला राहिली आणि मायलेक रिक्षात बसले. दवाखान्यात रक्त घेतलं. स्नायू तुटले की रक्तात उतरणाऱ्या एका घटकाचा आकडा, जो एरवी दोनशेच्या आतबाहेर असतो, तो हजारांत गेला होता. क्रिएटिनिनही वाढलेलं. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं आणि संध्याकाळी खाटेजवळ बसून नीट समजावलं. मी ते जसंच्या तसं देतो, कारण जिमला जाणाऱ्या प्रत्येक घरात ते माहीत असायला हवं.

ओझं घेऊन खाली बसताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. सवय नसताना हे काम जास्त झालं की त्याचे बारीक तंतू दुखावतात, आणि ते दुखणं त्या दिवशी नाही, तर 24 ते 72 तासांत चढतं. लॅक्टिक ॲसिडचा त्यात दोष नाही. ते व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुखावलेला स्नायू सावरू दिला तर पुढच्या वेळी तेवढ्याच कामाने तो कमी दुखतो. म्हणजे ताकद त्या सावरण्यात तयार होते. बापू त्याला सावरूच देत नव्हता. तंतू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यातला तांबूस रंग रक्तातून किडनीकडे जातो. लघवी चहासारखी झाली ती त्यामुळे. अंगात पाणी कमी, वरून दुखण्याच्या गोळ्या, ज्या किडनीचा रक्तपुरवठाच आखडतात. तिन्ही एकत्र आली तर तरुण माणसाचीही किडनी बंद पडते.

रात्रीचा गोळा हा वेगळा प्रकार. तो का येतो याची सगळी कारणं अजून उलगडलेली नाहीत. पण दमलेल्या पोटऱ्यांना तो जास्त येतो, आणि झोपेत पायाचा चवडा खाली वळलेला असल्याने पोटरी आधीच आखडलेली असते. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला ठेवून पोटरी ताणली तर बऱ्याच जणांना उतार पडतो. मात्र एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला तर चोळत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

"म्हणजे जिम बंद?" बापूने विचारलं.

"काही दिवस बंद. मग सुरू. पण पहिल्या दिवसापासून सुरू, मधूनच नाही."

तिसऱ्या दिवशी रंग निवळला, आकडे उतरले, बापू आजोळी परतला. मायने थोडक्यात वाचलं म्हणून अकोल्याच्या राजराजेश्वराला नारळ फोडला. बापू मात्र पडून राहिला. मैदान बुडत होतं, अमरावतीची पोरं पुढे जात होती, आणि आपण म्हाताऱ्यासारखे खाटेवर.

तेव्हा आबाजींनी ट्रंकेतून वही काढली. पिवळी पडलेली, सुतळीने शिवलेली, वर 1963. त्या उन्हाळ्यात आबाजी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या वर्गाला गेले होते. वैद्य बंधूंनी 1914 साली आखाडा म्हणून सुरू केलेली ही संस्था. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने मल्लखांब आणि आपले देशी खेळ जगापुढे करून दाखवले होते. वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांचे पी.टी.चे मास्तर तिथून शिकून आले, आबाजीही. पुढे तीस वर्षं त्यांनी पोरांना कवायत शिकवली.

बापूने वही उघडली ती हजार-हजार बैठकांचे आकडे दिसतील या आशेने. आबाजींच्या ताकदीच्या गोष्टी घरात ऐकलेल्या होत्या. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "बैठका 25." दुसऱ्या दिवशी 25. तिसऱ्या दिवशी "फक्त मालिश." चौथ्या दिवशी 30. पानं उलटत गेला तसा आकडा चढत होता, पण इतका सावकाश की बापूला चीड यावी. आणि दर दोन-तीन ओळींनंतर पुन्हा तेच, फक्त मालिश. एका पानावर तर आकडा 90 वरून एकदम 40 वर आला होता. समोर निळ्या शाईत लिहिलेलं, "पोटरी धरली. वस्तादांनी बैठका अर्ध्यावर आणल्या. मला रडू आलं."

"तुमी रडले, आबाजी?"

"त्या वर्गात मीच सगळ्यात जोमदार, असं मले वाटे. अन् वस्तादांनी सगळ्याइच्या समोर आकडा कमी केला. रातभर झोप नाई आली. सकाळी म्हनलो, मले घरी जायचं. वस्ताद म्हनले, जा. पन जायच्या आधी एक सांग. तुह्या बापाने वावर नांगरलं की त्याच दिवशी पेरते का? मी म्हनलो, नाई, तापू देते. म्हनले, मंग रिकामं पडलेलं वावर आळशी असते का?"

बापू काही बोलला नाही. वहीच्या शेवटी श्रावणातल्या नोंदी होत्या. तेव्हा आबाजी अकोल्यात परतले होते आणि कावडीला गेले होते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन रात्रभर अनवाणी चालायचं आणि सोमवारी सकाळी राजराजेश्वराला अभिषेक घालायचा, सुमारे 18 किलोमीटर. त्या नोंदीत आबाजींनी कावड किती जड होती ते लिहिलं नव्हतं. किती ठिकाणी खांदा बदलला ते मात्र एकेका थांब्याच्या नावानिशी लिहिलं होतं.

बापू अमरावतीला गेला तो नवी वही घेऊन. आठवड्यातून दोनच दिवस पायांचा व्यायाम, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. बार रिकामा, आणि आकडा सावकाश वर. धावायचं उजाडण्यापूर्वी, ऊन चढल्यावर नाही. अभ्यासिकेत बाटली समोर, आणि घाम जास्त गेला त्या दिवशी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. झोपण्याआधी भिंतीशी पोटऱ्या. गोळा त्यानंतरही दोन-चारदा आला, पण आता तो काय करायचं ते जाणत होता, आणि टॉवेल चावायचं त्याने सोडलं. शेजारचा मित्र जागा झाला तर त्यालाच चवडा धरायला लावायचा. तो मित्र पहिले काही दिवस हसला. नंतर त्याच्याच मांड्या धरल्या तेव्हा त्याने गुपचूप विचारलं, "रंग कसा असला म्हंजे दवाखान्यात जायचं?"

मैदानी चाचणीच्या आदल्या संध्याकाळी खोलीतली बाकीची पोरं शेवटचा जोर म्हणून जिमला गेली. बापूने वहीत "फक्त मालिश" लिहिलं आणि नऊला झोपला. सकाळी त्याचे 1600 मीटर 5 मिनिटं 16 सेकंदांत झाले. लेखी परीक्षा अजून व्हायची होती, नोकरी लांब होती, पण माय फोनवर गुणांच्या आधी पाण्याचं विचारून घ्यायची.

श्रावणात तो अकोल्याला आला, आबाजींच्या मोहल्ल्यातल्या मंडळाच्या कावडीत. ज्या पूर्णेच्या काठी त्याचं गाव, तिचंच पाणी भरून रात्री गांधीग्रामहून निघाले. पुढच्या दांड्याला सतरा-अठरा वर्षांचं एक पोरगं होतं, जिमला नुकतंच जाऊ लागलेलं. गळपट्टा ओला झाला होता, पाय फाकत होते, पण दोनदा हाक मारूनही ते खांदा द्यायला तयार नव्हतं. मंदिरापर्यंत आपणच नेणार, असं त्याने मित्रांना सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या वेळी बापूने हाक मारली नाही. तो त्याच्या बरोबरीने चालत आला, दांड्याखाली खांदा घातला आणि म्हणाला, "सरक. आकोट फैल आलं की पुन्हा तुलेच देतो. अन् पानी पे आधी."