गुलाबावरचे पांघरूण

ज्याच्या घरात पुरेसे पांघरूण नाही, त्याने गुलाब लावावेत का? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु गोरगरिबांना मदत करताना तो अनेकांच्या मनात डोकावतो. घरभेटीला गेल्यावर कोपऱ्यातला टीव्ही किंवा दारातली फुलांची कुंडी आधी नजरेत भरते आणि ‘यांना खरोखर गरज आहे का?’ अशी शंका येते. या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला इंग्लंडमधील एक जुनी हकिगत मोलाची वाटते.

नॉटिंगहॅम हे एकोणिसाव्या शतकात लेस आणि मोजे विणणाऱ्या कामगारांचे शहर होते. 1845 च्या कायद्याने आजूबाजूची जमीन मोकळी होईपर्यंत शहराला वाढायला जागाच नव्हती. घरे दाटीवाटीची, अंगणाचे नाव नको. म्हणून लोक शहराबाहेरच्या टेकडीवर, कुंपण घातलेले छोटे तुकडे भाड्याने घेत आणि तिथे बाग करीत. कामगारांनी तिथे गुलाब लावले, जुन्या काचांची लहानशी काचघरे उभारली आणि आपसांत मंडळ करून फुलांची प्रदर्शनेही भरवली.

याच परगण्यातील कॉन्टन गावी सॅम्युअल रेनॉल्ड्स होल नावाचे अँग्लिकन धर्मगुरू राहत. गुलाबातले ते मोठे जाणकार. 1858 साली लंडनमध्ये पहिले राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन त्यांच्याच खटपटीने भरले. एके वर्षी त्यांना नॉटिंगहॅमच्या एका कामगाराची चिठ्ठी आली : ईस्टरच्या सोमवारी आमचे गुलाब प्रदर्शन आहे, परीक्षक म्हणून यावे. होल यांना वाटले, कोणीतरी एप्रिल फूल करीत आहे. इंग्लंडात उघड्यावरचे गुलाब जून महिन्यात फुलतात. ईस्टरला कुठले गुलाब? तरीही ते गेले. एका मद्यालयाच्या खोलीत त्यांनी जी फुले पाहिली, त्यांच्याविषयी 1869 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवले आहे की, काचेखाली वाढवलेले याहून सरस गुलाब आपण कधी पाहिले नव्हते.

हे कसे साधले असेल? आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास गुलाबाची छाटणी करतात. तिथे बागेतल्या गुलाबाची छाटणी हिवाळा संपता संपता, फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. घाईने आधीच छाटले तर कोवळे धुमारे लवकर फुटतात आणि दहिवराने करपतात. मेलेली फांदी आधी काढायची, मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपैकी एक, आणि उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरप्या कापायच्या, म्हणजे झाडाच्या पोटात उजेड आणि वारा खेळतो. ज्याला ईस्टरलाच फूल हवे, त्याला काचेखालचे झाड याच्याही आधी छाटावे लागते आणि थंडीच्या ऐन रात्री कोवळी फूट जपावी लागते. त्या कामगारांपैकी एकाची बाग घरापासून मैलाहून दूर होती. तो हिवाळाभर पहाटे कामाला जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर तिथे जाई. पुष्कळदा दुपारच्या एका तासाच्या सुट्टीत जेवण उरकून तेवढ्यातही जाऊन येई. दुसऱ्याला होल यांनी विचारले, ही महागडी रोपे परवडतात कशी? दारूच्या गुत्त्यापासून दूर राहून, असे त्याचे उत्तर होते.

याच पुस्तकात पांघरुणाची गोष्ट येते. गरिबांच्या भेटीला जाणाऱ्या एका बाईंना एका घरात बिछान्यावर पुरेसे पांघरूण दिसले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, ते गुलाबांना थंडी लागू नये म्हणून काचघरावर गेले होते.

आता आपण काय म्हणावे? पहिला आक्षेप उघड आहे : आधी गरज, मग हौस. आम्हाला हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. माणसाला ऊब लागते, तशी आपल्या हातून काहीतरी चांगले घडावे अशी भूकही असते. त्या कामगाराचा दिवस कारखान्याचा होता, घर भाड्याचे होते. त्याच्या मनाप्रमाणे जे काही घडत होते, ते त्या चार हात जमिनीवर. पोट भरलेल्यांनाच सौंदर्याचा अधिकार आहे असे म्हणणे म्हणजे गरीब माणूस केवळ पोट आहे असे म्हणणे होय.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. पांघरूण एकट्याचे नव्हते. ते काढले की घरधनिणीला आणि मुलांनाही थंडी वाजणार. स्वतःच्या वाट्याचे सोडणे हा त्याग. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडणे याला त्याग म्हणता येत नाही, मग हेतू कितीही सुंदर असो. दारूचे पैसे वाचवून रोप आणणारा स्वतःचे देत होता. पांघरूण उचलणाऱ्याने मात्र घरातल्यांना विचारले पाहिजे आणि ‘नाही’ हे उत्तरही ऐकले पाहिजे. ही कसोटी गुलाबापुरती नाही. समाजकार्यासाठी, मंडळासाठी, एखाद्या छंदासाठी रात्रंदिवस झटणाऱ्या प्रत्येकाने पाहावे : आपल्या झटण्याची थंडी घरात कोणाला वाजते आहे?

आणि त्या भेटीला गेलेल्या बाईंनी काय करावे? आमच्या मते दुसरे पांघरूण द्यावे आणि गुलाबांबद्दल कुतूहलाने विचारावे. मदत देताना दारातल्या कुंडीचा हिशेब मागितला की मदत घेणारा पुढच्या वेळी कुंडी लपवून ठेवतो. त्याची थंडी जाते, पण ताठ मानही जाते.

होल यांचे वागणे इथे उपयोगी पडते. परीक्षक म्हणून बोलावलेला हा जाणकार शंका घेऊन गेला. पण पोहोचल्यावर त्याने प्रश्न विचारले, कामगारांच्या बागा पाहिल्या आणि त्यांच्याकडून जे समजले ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवले. 1876 साली राष्ट्रीय गुलाब संस्था स्थापन झाली, तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. ही मोठी संस्था 2017 साली बंद पडली. नॉटिंगहॅमच्या सेंट अ‍ॅन्स भागातील बागा मात्र आजही सुमारे 75 एकरांवर पसरलेल्या आहेत आणि त्यांना वारसा म्हणून संरक्षण आहे.

बागकामाच्या मंडळात एक गोष्ट सहज घडते. डोळा कसा भरायचा, कात्री कुठे लावायची हे ज्याला येते तो शिकवतो. तो कारखान्यात मजूर आहे की साहेब, हे झाडाला कळत नाही. गरिबाला दान देणारे पुष्कळ भेटतात. त्याच्याकडे शिकायला बसणारे थोडे. ज्याच्याकडून आपण शिकलो, त्याच्या दारातली कुंडी आपल्या डोळ्यांत खुपत नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात कोणाच्या घरी मदत घेऊन जाणार असाल, तर एवढे करून पाहा. त्या घरातल्या माणसाला विचारा : तुम्हाला काय चांगले जमते? आणि मग थोडा वेळ बसून ऐका.