सारथी प्रत्यक्ष कृष्ण, तरी हात कापले



आजचं चिंतन गीतेच्या पहिल्या अध्यायावर. पुष्कळांना हा अध्याय भराभर उरकून दुसऱ्यावर जायची घाई असते. पण त्याचं नाव तर बघा, अर्जुनविषादयोग. विषाद म्हणजे मन पार खचणं. आणि परंपरेने त्यालाही योगच म्हटलंय.

श्लोक २८ ते ३० मध्ये अर्जुन स्वतःची अवस्था सांगतो. अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, त्वचेची आग होतेय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. ज्याला कधी पॅनिक अटॅक आलाय त्याला हे वाचून दाखवा. तो म्हणेल, अरे हे तर माझंच! मी अर्जुनाला आजाराचं लेबल लावत नाहीये, बरं का. समोर आपलीच माणसं उभी बघून तो हलला होता. पण मनाचं दुखणं शरीर कसं बोलून दाखवतं, ते इथे लख्ख दिसतं.

आता दोन गोष्टी नीट बघा.

पहिली. हा कुणी भित्रा माणूस नव्हता, आणि त्याच्या रथाचे लगाम खुद्द भगवंतांच्या हातात होते. तरी त्याचे हात कापले. मग ‘तुझी भक्ती कमी पडली म्हणून तुला डिप्रेशन आलं’ हे वाक्य आपण कुठल्या तोंडाने बोलतो?

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत आधी त्याला खडसावतात. दुबळेपणा सोड, ऊठ! आपण मित्राला म्हणतो ना, ‘टेन्शन घेऊ नको, स्ट्राँग राहा’, तसंच. त्याने काय झालं? काहीच नाही. अर्जुन म्हणाला, मी लढणार नाही, आणि गप्प बसला. पण गप्प बसण्याआधी त्याने एक मोठं काम केलं होतं. मला काही कळेनासं झालंय, तू मला सांग, असं तो मोकळेपणाने म्हणाला होता. तिथून पुढे भगवंतांनी समजावणं सुरू केलं, ते अठराव्या अध्यायापर्यंत. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याला हसत नाहीत. आवरायला कठीण आहे खरंच, हे आधी मान्य करतात, मग अभ्यास आणि वैराग्याचा उपाय सांगतात.

मी मूळचा मांजरसुंब्याचा. आमच्याकडे ‘डिप्रेशन’ हा शब्द क्वचितच निघतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाय’, ‘डोक्यात लई विचार येतात’ असं म्हणतात. मग कुणी बाहेरचं काही झालं म्हणून अंगारा आणतं, कुणी म्हणतं कपिलधारला जाऊन ये. कपिलधार जवळच, मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. तिथे जावंच, मन खरंच निवतं. पण आमच्या चौकातून केजमार्गे अंबाजोगाईचा रस्ताही जातो, आणि तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. एका रस्त्याने गेलं म्हणून दुसरा काही बंद होत नाही.

कधी जायचं? दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, आवडीची कामं नकोशी वाटतात, झोप-भूक बिघडलीय, कामात लक्ष लागत नाही, असं असेल तर वाट बघू नका. ऑफिसात सर्व्हरचा अलर्ट आला की आपण सर्व्हरला आळशी म्हणत नाही, लॉग उघडून बघतो. मनालाही तेवढा न्याय द्या. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच स्वतःच्या मनाने बंद करू नका. जप चालू ठेवा, गोळीही चालू ठेवा.

लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली. मोफत, चोवीस तास, मराठीतही. गावाकडच्या घरच्यांसाठी अजून एक सांगतो. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात आपला बीडही होता. घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना त्यात सामील केलं. तेव्हा आईला सांगा, आशाताईंशी बोलायला लाजू नको.

आणि तुम्ही स्वतः बरे असाल, तर तुमची जागा सारथ्याची. उपदेश नंतर, आधी रथ थांबवून ऐका. मित्र फार निराश बोलत असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून ओझं हलकं होतं. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, सोबत दवाखान्यात जा.

आजचा संकल्प एवढाच. बरेच दिवस ज्याचा आवाज ऐकला नाही, अशा एकाला आज फोन करायचा. मेसेज नको, फोनच. आणि तो एकटा पडलेला माणूस तुम्ही स्वतः असाल, तर अर्जुनासारखं कुणाला तरी म्हणा, मला कळेनासं झालंय, तू सांग. भगवंतांनी त्याला कमी लेखलं नाही. तुम्हीही स्वतःला कमी लेखू नका.

जय हरी माऊली.