अस्वलाखाली दडलंय काय?

ये. पिशवी अशी मांडीवर कवटाळून बसू नकोस, टेबलावर उपडी कर. एकेक वस्तू काढून, झटकून, कौतुकानं पुढे करायला हा काही बघण्याचा कार्यक्रम नाही.

हे दुपटं ना? रंग छान निवडलायस. आता हे सांग, पहिल्या ओळीत खांब किती होते? 60. आणि या शेवटच्या ओळीत? मोजले नाहीस. आण इकडे, मीच मोजते. 41! ओळी किती झाल्यात? 20. म्हणजे पहिली ओळ सोडली तर पुढच्या प्रत्येक ओळीत तू इमानेइतबारे एकेक खांब गिळलायस. दुपट्याचा पतंग झालाय, वर्गात कुणाला शेपूट हवी असेल तर विचार.

"बाई, माझा हात घट्ट आहे." घट्ट हातानं काम कडक होतं गं, खांब पळून जात नाहीत. ओळ उलटवताना तू तीन साखळ्या घालतेस, त्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. परत येताना त्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा असतो. तुला ती कडेची लोंबती साखळी वाटते आणि तू ती सोडून वळतेस. हे पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तिसऱ्या साखळीत रंगीत धाग्याचा तुकडा अडकव म्हणूनही सांगितलं होतं. त्यावर तू काय म्हणालीस? "लक्षात राहतं माझ्या." राहिलं का?

टोपडं बघू. हे बाळाचं की भोपळ्याचं? हं, अर्धं व्हिडिओ बघून आणि अर्धं माझ्या वहीतून. अगं, अमेरिकेतली बाई 'डबल क्रोशे' म्हणते तो आपला खांब. ब्रिटिश पुस्तकात 'डबल क्रोशे' लिहिलेलं असतं तो मुका खांब. नाव एकच आणि टाका वेगळा. माझी वही ब्रिटिश पुस्तकावरून उतरवलेली आहे, त्यामुळे जिथे मुका खांब हवा तिथे तू उंच खांब घालत सुटलीस. सुयांचीही तीच गत. आपल्याकडे जुना ब्रिटिश नंबर चालतो, 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलट, तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटर जाडीची. व्हिडिओ बघायला माझी ना नाही, पण बोलणारी कुठली आहे ते आधी बघावं.

आता स्वेटर. नमुना विणला होतास? दहा सेंटिमीटरचा चौकोन, मोजून? नाही. "तेवढ्यात चार ओळी पुढे गेल्या असत्या." गेल्या असत्या, खरंय, चुकीच्या दिशेनं. पुढच्या भागाला 70 टाके घातलेस. वहीतला हिशोब 10 सेंटिमीटरला 28 टाक्यांचा, म्हणजे बरोबर 25 सेंटिमीटर. तुझ्या हातात 10 सेंटिमीटरला 24 टाके बसतात, ही बघ पट्टी. झाला की एकोणतीसच्या पुढे! पाठ तेवढीच विणलीस की दोन्ही मिळून आठ सेंटिमीटरांवर जास्त. नवजात बाळाच्या अंगाशी आठ सेंटिमीटर म्हणजे किती, हातावर धरून बघ जरा.

आणि हे अस्वल कशासाठी?

शोभेसाठी म्हणे. डाव्या कुशीत, काखेच्या दोन बोटं खाली, एकटंच अस्वल? मी 40 वर्षं हातात सुया धरतेय, मला अस्वल बघितलं की कळतं खाली काय आहे ते. कात्री दे. हं. निसटला टाका आणि सहा ओळी शिडीसारखा खाली घसरला. तो तू आतून चार गाठी मारून आवळलास, वरून अस्वल शिवलंस आणि निवांत झोपलीस.

माझा राग टाका सुटल्याचा नाही, टाके माझेही सुटतात. परवा बातम्या बघता बघता दोन सुटले. क्रोशाची सुई घ्यायची, सुटलेल्या घरात घालायची, वरची आडवी दोरी धरून त्यातून ओढायची. मग त्याच्या वरची. सहा पायऱ्या, सहा ओढी, घर परत सुईवर. पाणी उकळेपर्यंत झालं असतं. तू त्याऐवजी अस्वल आणायला बाजारात गेलीस!

वर म्हणतेस, "आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय?" कुणी बघत नाही, पण बाळ अंगात घालणार आहे ना? आतली बाजू त्याच्या कातडीला लागणार. हा सैल फेरा दिसतो? बाळाचं बोट यात गेलं आणि धागा गुंडाळला गेला तर बोट सुजतं, रक्त अडतं. बाळ रडतं, आणि घरातले ग्राइप वॉटर शोधत बसतात. बाळंतविड्यात द्यायची वस्तू आहे ही. वहिनीला आठवा लागलाय म्हणून घाई झाली म्हणतेस, तर सरळ दुकानातून आणायचं होतंस. सुयांचं विणकाम करणारं यंत्र इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसानं 1589 साली काढलंय, तुझ्यावाचून कुणाचा स्वेटर अडलेला नाही. क्रोशाला मात्र अजून तसं यंत्र जमलेलं नाही, म्हणून त्या पतंगाचा मला जास्त राग.

इस्त्री कुणी केली याला? हे चकचकीत, लुळं पडलेलं बघ. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की लोकर मेली. आजच्या या सगळ्या ढिगात ही एकच चूक आहे जी माझ्या हातूनही निस्तरत नाही. हा तुकडा गेला. बाकीचं सगळं उसवता येतं, आणि तुला नेमकं तेच नको असतं.

"उसवली की लोकर खराब होते, बाई." कुरळी होते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात बुडव, न पिळता सावलीत टांग. सकाळी सरळ झालेली असेल. सुयांवरचं उसवताना जिवावर येतं ना, मग चांगल्या ओळीच्या सगळ्या घरांतून बारीक दोरा ओवून ठेव आणि मग सुई काढ. घरं त्या दोऱ्यावर थांबतात. क्रोशाला तर तेही नको, तिथे जिवंत घर एकच असतं.

रडू नकोस, लोकर भिजेल. आधी पतंग. दुसऱ्या ओळीपर्यंत, पहिली तेवढी बरोबर आहे. टोक सापडलं? हं, ओढ. एवढ्या जोरात नाही, अडकलं तर उलटीकडून सोडव. गुंडी मी करते.