देवाची इच्छा कोणी ओळखायची?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पुढच्या सालाचा प्रश्न विचारायला एक ठरलेले ठिकाण आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, पापड, कुरडई, करंजी, पानसुपारी; आणि भोवती अठरा धान्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा जागचा हलला, हे पाहून पाऊसपाणी, पीक आणि राजाची गादीसुद्धा सांगतात. चंद्रभान महाराज वाघांपासून सुमारे साडेतीनशे वर्षांची ही चाल आहे म्हणतात. शास्त्र शिकलेली मंडळी तिला हसतात. हसणाऱ्याने एकदा तरी मृगाच्या कोरड्या आभाळाखाली कपाशीचे बियाणे हातात धरून उभे राहावे, मग हसावे.

आम्ही ख्रिस्ती माणसे भेंडवळला जात नाही. निदान उघडपणे जात नाही. पण घट आम्हीही मांडतो. आमच्या घरोघरी वचनांच्या चिठ्ठ्यांची एक लहानशी पेटी असते. 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपली की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि तीत आपले वर्ष वाचायचे. कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो आणि बोट ठेवतो. या चालीला आधार म्हणून खळ्यात लोकर ठेवून दहिवराची खूण मागणारा गिदोन पुढे केला जातो. पण काय करायचे हे देवाने गिदोनाला आधीच सांगितले होते, हे सांगायला मात्र सगळे विसरतात. लोकर त्याने ठाऊक नव्हते म्हणून मांडली नाही. भीती वाटत होती म्हणून मांडली. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच असते.

त्या पेटीवर माझा राग नाही. आजारी म्हातारीला एखाद्या चिठ्ठीने रात्रभर धीर दिल्याचे मी पाहिले आहे. माझे भांडण आहे ते दुसऱ्याच्या नावाने चिठ्ठी उचलणाऱ्यांशी. बाप मुलीचे लग्न ठरवतो आणि म्हणतो, “मी प्रार्थना केली आहे, प्रभूची हीच इच्छा आहे.” आता पोरीने काय बोलावे? बापाला एखादे वेळी नाही म्हणता येते. देवाला कसे म्हणणार? दहावीला पहिल्या पाचांत आलेली मुलगी अकरावीच्या वर्गात दिसत नाही, म्हणून घरी जाऊन विचारावे, तर उत्तर मिळते, “देवाच्या मनात नव्हते, गुरुजी!” देवाच्या मनात काय होते ते मला कसे कळणार? पण बापाच्या मनात काय आहे ते आम्हा मास्तरांना पुरते ठाऊक असते. मुलगी जास्त शिकली की तिच्या तोलाचा नवरा शोधावा लागतो. कर्जापायी एखाद्या शेतकऱ्याने विष घेतले तरी मातीला जमलेले लोक “देवाने नेले” म्हणून मोकळे होतात. सावकार, बाजारभाव आणि आभाळ या तिघांचे देणे एकट्या देवाच्या खात्यावर टाकण्याचा हा व्यवहार मला प्रामाणिक वाटत नाही.

या प्रश्नाशी आपल्या मराठी मुलखात पंडिता रमाबाईंइतके कोणी झुंजले असेल असे मला वाटत नाही. त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. कान अधू, म्हणून तो बेत राहिला. (देवाचा शब्द जन्मभर ऐकू पाहणारीचे कान अधू असावेत, हीही गंमतच.) त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1885 च्या सुमारास चेल्टनहॅमला असताना पुरुष विद्यार्थ्यांना देशी भाषा शिकवण्याची गोष्ट निघाली. बाईमाणसाने पुरुषांना शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. सिस्टर जेराल्डिन, ज्यांना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत, त्यांनी समजावले की चर्चच्या वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणे हेच ईश्वराच्या मर्जीने चालणे होय. रमाबाईंनी पत्रातून उत्तर दिले त्याचा भावार्थ असा, की देवाने मलाही विवेकबुद्धी दिली आहे. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, ते लगेच दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे.

कोणी म्हणेल, मग काय, ज्याच्या त्याच्या मनाला येईल तीच देवाची इच्छा? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मला 1896-97 च्या दुष्काळात सापडते. मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. रमाबाईंच्या पदरी पुण्याचे शारदासदन, आणि शेकडो तोंडांना पुरेल एवढा पैसा कुठेच नाही. तरी त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले ते त्यांच्यासाठी. देवानेच जायला सांगितले असे त्या म्हणत. मी ते खोटे म्हणत नाही. एवढेच दिसते, की तो आवाज रमाबाईंना ठाऊक असलेल्या भाषेत बोलत होता. त्यांच्या तरुणपणीच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अशी एकामागून एक गेली होती. तीर्थे झाली, उपास झाले, गाठचा पैसा दानधर्मात संपला, आणि देव काहीतरी करील म्हणून ते कुटुंब वाट पाहत बसले होते. वीस वर्षांनी रमाबाई वाट पाहत बसल्या नाहीत. शिवाय हुकूम ऐकला त्यांनी आणि किंमत मोजली तीही त्यांनीच. मुलीची शाळा सोडवणाऱ्या बापाला ऐकू येणाऱ्या हुकुमात नेमके हेच नसते. ऐकतो तो आणि मोजते ती.

अर्थात ही फूटपट्टीही सगळीकडे पुरत नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निष्ठेबद्दल कोण शंका घेईल? घर, जात, नाती त्यांनी सोडली. पण लक्ष्मीबाईंना कोणी विचारले होते? पुढची काही वर्षे त्या माऊलीने कशी काढली ते ‘स्मृतिचित्रे’त वाचावे आणि हसता हसता डोळे पुसावे. मला त्या पुस्तकात मोठे वाटते ते हे, की नवऱ्याची हाक ती आपली हाक, असे त्यांनी मानले नाही. त्या भांडल्या, रडल्या, स्वतःच्या सोवळ्याओवळ्याशी स्वतःच झगडल्या आणि पाचेक वर्षांनी आपल्या पायांनी आल्या. टिळक बरोबर होते का? मला अजून सांगता येत नाही.

रमाबाईंची लेक मनोरमा 1921 साली वारली. मुक्तिसदन तिच्या हाती सोपवायचे असे आईने धरले होते, आणि त्यात देवाची इच्छा पाहिली नसेल असे कसे म्हणावे? त्या वेळी रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत उतरवत होत्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींच्या हातून होत होती. मुद्रिते येत राहिली, त्या तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पुस्तक 1924 साली छापून पुरे झाले.