मोहरीएवढी खांड

मनन : उपदेशक १०:१०, नीतिसूत्रे २७:१७, १ शमुवेल १३:१९-२२



बोथट हत्याराविषयी उपदेशकाने दहाव्या अध्यायात जे सांगितले आहे, त्याचा आशय असा की, ज्याने धार लावण्यास वेळ दिला नाही, त्याला तेच काम पुढे अधिक श्रमाने करावे लागते. हे वचन मी अनेकदा वाचले होते व त्यावर बोललोही होतो. परंतु त्याचा अर्थ मला पुण्याच्या मंडईत, माझ्याच खिशातल्या चाकूने शिकविला. जे घडले ते मी लपवीत नाही. कारण पाळकाची लाज राखण्यापेक्षा मंडळीचे हित थोर आहे.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत मधोमध उंच मनोरा असलेली अष्टकोनी दगडी मंडई आहे, ती आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. ती १८८६ साली उघडली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. आज ती महात्मा फुले मंडई आहे. मंडळीच्या कामानिमित्त मी पुण्यास गेलो असता, परतण्यापूर्वी भाजी घेण्यासाठी तेथे गेलो. पिशवीत पुढील रविवारच्या उपदेशाचे टिपण होते. विषय होता खोट्या तराजूंचा.

एका मावशींच्या गाळ्यावर मोठा सुरण होता. मला अर्धाच हवा होता आणि त्यांचा कोयता कोणी शेजारी मागून नेला होता. मी म्हणालो, “थांबा मावशी, माझ्यापाशी चाकू आहे.” हा घडीचा चाकू माझ्या वडिलांचा. उत्तम पोलादाचा. त्याने कलमे बांधली, ऊस सोलला, बैलांचे दोर कापले. इतक्या वर्षांत त्याच्या धारेस कधी काही झाले नव्हते. सुरणात तो निम्म्यापर्यंत गेला आणि अडकला. मी तो सरळ मागे ओढावयाचा सोडून मूठ पिळली. टिच् असा बारीक आवाज झाला. पाते बाहेर काढून पाहतो तो धारेस मोहरीएवढी खांड पडलेली!

मला फार वाईट वाटले. त्या हळहळीत मावशींनी उरलेले पैसे दिले, ते घेऊन मी निघालो. चार पावलांवर मोजले तेव्हा दिसले की, दहाच्या नोटेऐवजी त्यांच्याकडून पन्नासाची आली आहे. बंधूंनो, मी थांबलो. परंतु परत फिरलो नाही. मनात म्हटले, ‘सुरणाचा भाव तिने चढाच लावला होता, आणि तिच्या सुरणापायी माझा चाकू गेला.’ नोट खिशात घातली.

मंडईबाहेर एक वृद्ध गृहस्थ सायकलीवर सहाण बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावीत होते. मी चाकू त्यांच्या हाती दिला व म्हणालो, “मामा, ह्या पोलादात खोट होती काय? आजवर ह्याने मोठमोठी कामे केली, आणि आज एका सुरणाने हा मोडला!”

त्यांनी पाते नखावर फिरवून पाहिले. “खोट नाही साहेब. पोलाद पक्कं आहे म्हणूनच उडालं. कच्च्या लोखंडाची धार वळते, पक्क्याची उडते. चाकू कापायला असतो. तुम्ही तो पिळलात. सुरणाच्या खोबणीत एखादा खडाही असेल.”

“मग एवढी खांड भरून द्या.”

ते हसले. “खांड भरत नसते. ती जेवढी खोल गेली, तेवढी सगळी धार खाली उतरवायची. मग पुन्हा लावायची.”

चाक फिरू लागले. वरच्या डब्यातून पाण्याचा थेंब थेंब दगडावर पडत होता, आणि तेही क्षणाक्षणाला पाते उचलून पाण्यात बुडवीत होते. मला गाडीची घाई होती. मी विचारले, “पाण्यावाचून लवकर नाही का होणार?” ते म्हणाले, “होईल. पण पातं तापून निळं पडेल. निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं. मग धार लागते, पण टिकत नाही.”

मी तेथे उभा होतो आणि ते शब्द चाकूविषयी आहेत असे मला वाटेनासे झाले. मोठ्या परीक्षेच्या प्रसंगी ज्याला देवाने उभे राखले, तो मी चाळीस रुपयांपाशी पिळला गेलो होतो. चाकू घेऊन मी मावशींच्या गाळ्याकडे वळलो. तेथे त्या हाताखालच्या पोराला दटावीत होत्या : “चाळीस रुपये कमी कसे? गल्ल्याला हात कोणी लावला?” पोराच्या डोळ्यांत पाणी होते. मी नोट पुढे केली व म्हणालो, “मावशी, तुमच्याकडून जास्त आली होती. मला तेव्हाच कळले होते.” त्यांनी नोट घेतली, दहाची परत दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. पोराने मात्र माझ्याकडे एकवार पाहिले. त्या पाहण्यात आभार नव्हते, आणि ते मागण्याचा मला अधिकारही नव्हता.

प्रियांनो, ह्यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली ही की, खांड नेहमीच्या कामात पडते. छळ झाला, वाळीत टाकले, तरी आपले वाडवडील विश्वासात स्थिर राहिले. परंतु रोजच्या देण्याघेण्यात, मापात, मजुरीच्या हिशोबात, बांधाच्या वीतभर जमिनीत मन थोडेसे पिळले जाते आणि मोहरीएवढा तुकडा उडतो. आपण म्हणतो, एवढ्याने काय होते? परंतु आपली खांड बहुधा दुसऱ्याच्या पदरी दोष होऊन पडते. माझ्या मौनाने एक निरपराध मूल चोर ठरत होते.

दुसरी ही की, खांड भरत नाही. एका पापावर एका दानाचे ठिगळ लावून अंतःकरण सरळ होत नाही. दोष जेवढा खोल, तेवढा सगळा मीपणा खाली उतरला पाहिजे. जक्कय प्रभूच्या भेटीने पालटला, तेव्हा त्याने केवळ दुःख मानले नाही. ज्याचे घेतले त्याचे चौपट परत करावयास तो सिद्ध झाला. ह्यात पाते थोडे झिजते खरे. माझ्या वडिलांचा चाकू आज पूर्वीपेक्षा अरुंद आहे; पण तो कापतो.

तिसरी गोष्ट मंडळीस विशेष लागू आहे. लोखंडाला लोखंडच पाणीदार करते, तसे मनुष्यास त्याचा मित्र, असे नीतिसूत्रकार शिकवितो. म्हणून बंधूने बंधूस त्याची चूक सांगावी. पण कोरड्या दगडावर धरू नये. जो बोध चारचौघांत, रागाने, लाज आणण्यासाठी केला जातो, त्याने मनुष्य क्षणभर सुधारलेला दिसतो, परंतु त्याच्या आतले पाणी उतरते. प्रीतीचा थेंब प्रत्येक शब्दाबरोबर पडू द्या. आणि हे काम टाळूही नका. शौलाच्या काळी इस्राएलात लोहार उरला नव्हता. नांगराचा फाळ व कुऱ्हाड पाजविण्यासाठी लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे व त्यांनाच मोल द्यावे लागे. लढाईच्या दिवशी शौल व योनाथान ह्यांच्यावाचून कोणापाशी तरवार नव्हती. ज्या मंडळीत एकमेकांस प्रेमाने सत्य सांगणारा कोणी उरत नाही, तिची भांडणे कचेरीत जातात आणि तिचे मोल परके घेतात.

ह्या आठवड्यात भाकर मोडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या धारेवरून नख फिरवून पाहावे. जेथे ते अडेल तेथे थांबावे, आणि ज्याचे देणे असेल त्याच्या दारी सूर्य मावळण्यापूर्वी जावे. ज्या प्रभूने आम्हांस घडविले, त्याचा हात सहाणेवरही कोमल आहे. त्याच्या हाती स्वतःस देण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो. आमेन.