वेग, धैर्य आणि देवाची परीक्षा

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन या ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकाने ध्वनीहूनही अधिक वेगाने मोटार चालविली. ताशी १२२७.९८५ किलोमीटर हा त्याचा जमिनीवरील विक्रम आजही अबाधित आहे. ‘थ्रस्ट एसएससी’ या त्याच्या गाडीला रोल्स-रॉइसची दोन जेट इंजिने होती, फँटम या लढाऊ विमानात असत त्या जातीची. (युद्धासाठी घडविलेले हे यंत्र येथे तरी कोणाच्या जिवावर उठले नाही, हेही थोडे नव्हे.)

अशा माणसाला धैर्यवान म्हणावे की अविचारी? आयुष्य ही परमेश्वराने आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे, असे आपण मानतो. मग जेथे कोणी भुकेला नाही, कोणी बुडत नाही, अशा ओसाड जागी केवळ एका आकड्यासाठी ती ठेव पणाला लावण्याचा अधिकार कोणाला आहे? कोणालाही नाही, हे माझे उत्तर बरीच वर्षे ठरलेले होते.

एका आईच्या प्रश्नाने ते डळमळले. तिचा तरुण मुलगा रात्री नांदेडहून लातूरकडे येताना अहमदपूरच्या अलीकडे मोटारसायकलच्या अपघातात दगावला. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता. मुलाचे हेल्मेट घरी खुंटीला होते. दफनविधी आटोपल्यावर तिने मला शांतपणे विचारले, “फादर, गाडीवर तुम्ही पवित्र पाणी शिंपडलं होतं ना?”

होय, मीच शिंपडले होते. आरशाला अडकविलेल्या जपमाळेलाही मीच आशीर्वाद दिला होता.

त्या रात्री मी शुभवर्तमानातील मोहाचा प्रसंग पुन्हा वाचला. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाकण्यास सुचवितो. देवदूत झेलतीलच, याला तो स्तोत्राचा आधारही देतो. प्रभू नकार देतो, कारण ती देवाची परीक्षा पाहणे ठरेल. संत थॉमस अक्वायनस यांचे या पापाचे विवेचन मोठे मार्मिक आहे. जे करणे आपल्या हाती आहे ते न करता मनुष्य देवाच्या साहाय्याची अपेक्षा धरतो, तेव्हा तो देवाची परीक्षा पाहत असतो. एवढेच नव्हे, तर भित्रेपणाइतकाच निर्भयपणाही त्यांनी धैर्याच्या विरुद्ध असलेल्या दोषांत गणला आहे आणि प्रेमाचा अभाव, गर्व व बुद्धीचे मांद्य अशी त्याची मुळे सांगितली आहेत. पहिले मूळ मला सेमिनरीत उमगले नव्हते. ज्याला आयुष्य प्रिय नाही, त्याच्या न भिण्याला धैर्य कसे म्हणावे?

या कसोटीवर ग्रीन कोठे उभा राहतो? हा मनुष्य ऑक्सफर्डला गणित शिकलेला. त्याच्या चमूने सपाट आणि निर्मनुष्य असे कोरडे सरोवर निवडले, वेग टप्प्याटप्प्याने वाढविला आणि मोजमापे तपासली. एका तासाच्या आत उलट दिशेने दुसरी धाव झाली पाहिजे व दोहोंची सरासरी धरावी, असा या विक्रमाचा नियम आहे. १३ ऑक्टोबरला त्याने जाताना आणि परतताना ध्वनीचा वेग ओलांडला होता, परंतु तासाची मर्यादा मिनिटभराहूनही कमी अवधीने हुकली आणि विक्रम नोंदला गेला नाही. दोन दिवसांनी सारे पुन्हा करावे लागले. हा शिखरावरून उडी टाकणारा मनुष्य नव्हे. हा पायऱ्या मोजीत उतरणारा आहे. शिवाय त्याच्या वाटेत दुसऱ्या कोणाचे लेकरू नव्हते. नांदेड-लातूर रस्त्यावर शाळेतून परतणारी मुले असतात, बैलगाड्या असतात. तेथे ताशी ऐंशीचा वेगही बाराशेहून अधिक अविचारी ठरू शकतो.

तरीही ग्रीनला मी पूर्णपणे निर्दोष ठरवीत नाही. ‘ब्लडहाउंड’ या पुढच्या गाडीसाठी दक्षिण आफ्रिकेतील हॅकस्कीन पॅन येथे तीनशेहून अधिक स्थानिक माणसांनी हाताने दगड वेचून धावपट्टी साफ केली. २०१९ साली ग्रीनने तेथे ताशी हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला. त्या माणसांना मजुरी मिळाली, हे खरे. पण रोजगार हमीच्या कामावर उन्हात खडी फोडणारे हात ज्याने पाहिले आहेत, त्याची नजर आधी त्या दगड वेचणाऱ्यांकडे जाते आणि इतकी बुद्धी, इतका पैसा कशासाठी, हा प्रश्न काही केल्या सुटत नाही.

त्या आईला मी “होय” एवढेच म्हणालो होतो. त्याहून अधिक काही सुचले नाही. हेल्मेट कोठे आहे, असे त्या दिवशी आशीर्वाद देताना मी विचारले नव्हते. माझ्या हाती होते ते मीही केले नव्हते.

आता नव्या गाडीला आशीर्वाद देण्यापूर्वी मी मागचा दिवा लावून दाखवायला सांगतो आणि हेल्मेट मागतो. परवा एक गृहस्थ शोरूममधून थेट चर्चच्या आवारात आले. गाडीला झेंडूचा हार होता, पेढ्यांचा पुडा होता, हेल्मेट नव्हते. मी पवित्र पाण्याचे भांडे आत नेऊन ठेवले. ते रागावून निघून गेले. सायंकाळी परत आले, तेव्हा हातातल्या हेल्मेटवर किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती.